सरबताची वही: साल वेगळी, रस वेगळा

सध्या फ्रीजच्या दारात दोन बाटल्या उभ्या आहेत. एकीत गवती चहा आणि लिंबाच्या सालीचा पाक, दुसरीत पुदिन्याचं पाणी. रसाची बाटली नाही आणि यापुढे नसणार. लिंबू ग्लासातच पिळायचं, हे आता पक्कं. आपल्यातले बरेच जण ‘एकच बाटली, वरून पाणी ओतलं की झालं’ या सोयीच्या मागे आहेत. मला ते कळतं. मे महिन्यात फोंड्याच्या उकाड्यात भर दुपारी कुणी दारात आलं तर लिंबं कापत कोण बसणार? पण चवीचा हिशेब मांडला तर ती सोय महागात पडते.

कारण दोन. पहिलं रसाचं. पिळल्या पिळल्या झकास लागणारा रस काही तासांत कडवट होत जातो. त्यात मुळात एक बेचव घटक असतो, आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि लिमोनिन कडू. बियांमध्ये तर ते आधीच भरपूर, म्हणून पिळताना बी चिरडली की संपलंच. दुसरं कारण गवती चहाचं. आपण तो ज्या वासासाठी घालतो तो मुख्यतः सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि सिट्रल आम्लात टिकत नाही. रसात मिसळून ठेवलं की ताजेपणा उतरतो आणि मागे उरतो तो एक उग्र, औषधी वास. लिंबाच्या चवीची पेयं करणाऱ्या कारखान्यांनाही हीच डोकेदुखी आहे. थोडक्यात, एका बाटलीत नांदायला लावलं की दोघं एकमेकांचं वाटोळं करतात. वाटण्या करून दिल्या की दोघंही सुखात.

आता सालीकडे येते, कारण या खेपेला सगळी मजा तिथेच आली.

लिंबाची आंबटाई रसात असली तरी वास सालीत असतो, तोही सगळ्यात वरच्या हिरव्या-पिवळ्या पापुद्र्यात. त्यात तेलाचे बारीक बारीक थेंब भरलेले असतात, नुसत्या डोळ्यांनी ठिपके दिसतात. बघायचं असेल तर संध्याकाळी निरांजन लावल्यावर सालीचा एक तुकडा ज्योतीजवळ धरा आणि हिरवी बाजू ज्योतीकडे करून चिमटीत दाबा. चटचट ठिणग्या उडतात. ते जळतंय ते लिंबाचं तेल. आपण सरबत करताना हेच तेल सालीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकतो, आणि वर ‘पूर्वीसारखी लिंबं राहिली नाहीत’ म्हणून कुरकुरतो.

कागदी लिंबाची साल पातळ असते, त्यामुळे सोलण्याने सोलायला गेलं की खालचा पांढरा थर हमखास येतो आणि त्याबरोबर कडूपणा. बारीक किसणी बरी. एका जागी किसणी एकदाच फिरवायची, पांढरं दिसायला लागलं की लिंबू वळवायचं. मी आठ लिंबांचा कीस आणि २०० ग्रॅम साखर घेते. परातीत घेऊन बोटांनी चोळत राहायचं. साखर आधी कोरडी सळसळते, मग हाताला चिकटायला लागते, रंग पिवळट-हिरवा होतो आणि वास थेट नाकात शिरतो. झाकून रात्रभर ठेवायचं. साखर तेल ओढून घेते. पावसाळ्यात मात्र ‘ओलसर झाली की तयार’ या खुणेवर जाऊ नका. जूननंतर आपल्याकडे साखर डब्यातच ओली होते, तिला लिंबाची गरज पडत नाही. तेव्हा रंगावर जायचं.

एक सावधगिरी. सालीच्या तेलात अशी काही द्रव्यं असतात की ती हाताला लागलेली असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि तपकिरी डाग कितीतरी दिवस जात नाहीत. किसून झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा, मगच वाळवण बघायला किंवा फुलं काढायला बाहेर जा.

लिंबं कुठली? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका वाटे लावून बसतात, त्यातली बारकी, पातळ सालीची, किंचित डागाळलेली गावठी लिंबं मला चकचकीत मोठ्या लिंबांपेक्षा सरस वाटतात. सालीवर जायचं तर चकाकीवर भुलू नये, मेणाचा हात फिरवलेला असू शकतो. कुळागरातलं, म्हणजे घरच्या बागायतीतलं झाड असेल तर प्रश्नच नाही. फक्त हुमल्यांचा, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा. लिंबाच्या झाडावर पानं शिवून घर केलेलं दिसलं की त्या फांदीला हात लावायचा नाही, इतकंच सांगते. आणि कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर लगेच झटकू नका. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी तशीच दिसते. चार पानं खाते बिचारी, खाऊ दे.

गवती चहा आमच्याकडे न्हाणीच्या पाण्यावर वाढतो, त्यामुळे वर्षभर तोटा नाही. कापताना पात उलटी ओढली तर बोट कापतं. बहुतेकांच्या घरी वरची पात चहात जाते आणि बुडखा फेकला जातो. सरबताला उलट बुडख्याचा जाडसर, फिकट भाग जास्त चांगला. खलबत्त्यात दोन ठोके द्यायचे, पातीची गाठ मारायची आणि दोन्ही उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून झाकण ठेवायचं. दहा मिनिटं पुरतात. उकळत ठेवायचं नाही. स्वयंपाकघर घमघमलं की आपण खूश होतो, पण घरभर पसरला तेवढा वास पातेल्यातून गेलाच ना.

हे पाणी गरम असतानाच १०० मिलिलिटर मोजून त्या साखरेवर ओतायचं, ढवळून विरघळवायचं आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचं. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. वजनाने दोन भाग साखर, एक भाग पाणी, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के साखर झाली. एवढ्या दाट पाकात बुरशीचं सहसा काही चालत नाही. बाटली आणि चमचा कोरडा हवा, बाकी फ्रीज सांभाळतो. सगळ्यांना पाक सैल आवडतो हे मला माहीत आहे, पण सैल केला की तो टिकवायला रस घालावासा वाटतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच.

माडाच्या गुळावरही पाक करून पाहिला. काळा, धुरकट वासाचा तो गूळ पातोळ्यांत कितीही गोड लागो, इथे तो सालीला बोलूच देत नाही. रंगही चहासारखा येतो. आल्याचा रस आणि सुंठ घालून पावसाळ्यात गरम प्यायला मात्र तो उत्तम, म्हणून ती बाटली वाया गेली नाही. या सरबताला साधी पांढरी साखर. आरोग्यवाल्यांनी मला माफ करावं.

पुदिन्यावर दोन मतं आहेत आणि मी अजूनही दोन्हींच्या मध्ये आहे. पहिली रीत: पानं उकळत्या पाण्यात जेमतेम दहा-पंधरा सेकंद बुडवायची, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, मग वाटून गाळायची. पानं काळी पाडणारं एन्झाइम उकळत्या पाण्यात मरतं आणि पाणी हिरवंगार राहतं. दिसतं फार सुंदर. पण त्यात लिंबू पिळलं की पाहता पाहता रंग खाकी होतो, कारण आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून टाकतं. त्याला इलाज नाही. बाजारात जे पोपटी पुदिना-सरबत मिळतं त्याचा रंग कुठून येतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. दुसरी रीत आळशी माणसाची: पानं तळहातावर चुरडून थंड पाण्यात टाकायची आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. रंग जवळपास नाहीच, वास मात्र स्वच्छ, गवतकट चव कमी. फोटो काढायचा असेल तर पहिली, प्यायचं असेल तर दुसरी. मिक्सरमध्ये कच्ची पानं फिरवणं दोन्हीत बसत नाही.

तुळशीचं प्रकरण घरात थोडं नाजूक आहे. तिच्यात युजेनॉल असतं, लवंगेतलं तेच, त्यामुळे लिंबाबरोबर ती मागून हळूच तिखट लागते आणि मला ते फार आवडतं. पण आईने पहिल्याच दिवशी बजावलं, "वृंदावनातल्या तुळशीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते. आणि द्वादशीला तर कुठलीच पानं तोडायची नाहीत."

"अगं, सरबत शेवटी तूच पितेस ना?"

"पिते. पण तुझी तुळस वेगळी लाव."

मग मागच्या पडवीत दोन कुंड्या लावल्या. ग्लासाला तीन-चार पानं पुरे. जास्त झाली की काढा प्यायल्यासारखं वाटतं.

आता सोडा. आल्याचं विरजण लावून घरीच फसफस आणायचा नाद काही जणांना आहे. आपल्या हवेत ते विरजण इतकं जोमाने चढतं की काचेची बाटली बंद करून ठेवणं धोक्याचं आहे. करायचंच तर प्लास्टिकची बाटली घ्या, दाबून बघता येते. दगडासारखी लागली की झाकण सैल करा. मी तयार सोडा आणते. गोटीची बाटली मिळाली तर दुधात साखर. हायराम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, आणि आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वर बसून तोंड बंद होतं ही युक्ती आजही तितकीच झकास वाटते.

सोड्याचं खरं गुपित थंडपणा. शून्य अंशाच्या पाण्यात जितका कार्बन डाय-ऑक्साइड विरतो त्याच्या निम्माच वीस अंशांना विरतो, आणि आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी तर विचारायलाच नको. म्हणून पाक, पुदिन्याचं पाणी, ग्लास, सोडा सगळं आधी गार करते. मीठ वरून भुरभुरलं की त्या दाण्यांवर सगळा वायू फेस होऊन निघून जातो, त्यामुळे मीठ आधी पाकात विरघळवायचं आणि सोडा शेवटी, ग्लासाच्या कडेने. मीठ घालाच. चिमूटभर मिठाने खारटपणा येत नाही, उरलासुरला कडूपणा तेवढा दबतो. आमच्याकडे पेडण्याच्या आगरवाड्याचं खडे मीठ असतं, ते कुटून घेते. सब्जालाही हाच न्याय: भिजवलेला सब्जा सोड्यात फेस करतो, त्याला साध्या पाण्याचं सरबतच बरं.

तर आजचा ग्लास असा: दीड मोठा चमचा पाक, चिमूटभर मीठ, पाव वाटी पुदिन्याचं पाणी, एका लिंबाचा ताजा रस, तुळशीची पानं, बर्फ, वर सोडा. आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची, बिया काढून. ही मिरची हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू पिणाऱ्यांकडून उचलली आहे. काजूच्या हंगामात हुर्राकात लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची टाकून पिणारे गोव्यात जागोजागी आहेत, त्यांना ही चव कधीच कळली होती. मिरची झोंबायला नको, तिचा हिरवा वास तेवढा यायला हवा. दोन मिनिटांत काढून टाका. आमच्या मामांनी हा ग्लास संपवून पहिला प्रश्न विचारला, "यात हुर्राक का नाही?" त्यांच्यापुरता मी तो विषय हंगामावर ढकलला आहे.

पुढचं काम चतुर्थीपर्यंत थांबेल. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगून माटोळी बांधतात, तिच्या बाजारात तोरंजनं, म्हणजे पपनसं येतील, तेव्हा त्यांच्या सालीवर हाच प्रयोग करायचा आहे. तिथे पांढरा थर बोटभर जाड आणि कडू, पण वरचा पापुद्रा सुरीने सहज निघतो, किसणीचीही गरज नाही. वास लिंबापेक्षा मऊ, त्यामुळे गवती चहा निम्मा करावा लागेल आणि पुदिना बहुधा पूर्ण गाळावा लागेल असा अंदाज आहे. माटोळी उतरवल्यावर घरोघरची फळं कोपऱ्यात पडून असतात, तीही मागून ठेवली आहेत. तुमच्यापैकी कुणी तोरंजनाच्या सालीला साखर लावून पाहिली असेल तर साल आणि साखरेचं प्रमाण तेवढं कळवा, मी २०० ग्रॅम साखरेला एका फळाची साल धरून चालले आहे.