मार्चचा पगार आणि जोतिबाची रजा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी टाइम ऑफिसला नवा होतो, तेव्हाची ही गोष्ट. चैत्र यात्रेच्या आधी आमच्या खिडकीपुढं रजेच्या अर्जांची रांग लागते. डोंगरावर सासनकाठी जायची, घरी पै-पाहुणे यायचे, त्यामुळं फेटलिंगमधला (ओतलेले भाग घासून साफ करायचा विभाग) निम्मा माणूस पीएल, म्हणजे भरपगारी रजा, मागतो. मालक लोकांना ते खपत नाही, पण जोतिबाला नाही म्हणायची हिंमत कोल्हापुरात कोण करणार?

त्या रांगेत अण्णा होते. फेटलिंगचे जुने कामगार, नगावर काम करणारे, म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे. आठ दिवसांच्या रजेच्या पैशाची पट्टी हातात पडल्यावर ते बाजूला झाले नाहीत. "साहेब, पाचशे वीस कुठनं काढलं?" मी सांगितलं, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,600, भागिले तीस. सॉफ्टवेअरमध्ये माझ्या आधीपासून तेच सूत्र भरलेलं होतं.

अण्णांनी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. काळपट बोटांचे ठसे उमटलेल्या त्या पानांवर रोजचे नग, त्यांचा दर आणि शेवटी रक्कम. मार्चमध्ये कामावर हजर दिवस 25, नगांची कमाई 22,500. ओव्हरटाइमचे 3,600 त्यांनी वेगळ्या पानावर लिहिले होते. "हे धरायचं नाही, मला म्हाईत हाय. पण बाकीचं तर माझंच की."

मी टेबलाच्या खणातलं फॅक्टरी अ‍ॅक्टचं पुस्तक काढलं. 1948 च्या त्या कायद्याचं कलम 80 दोन वेळा वाचलं. रजेवर जायच्या लगेच आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची, पूर्ण वेळच्या एकूण कमाईची रोजची सरासरी. ओव्हरटाइम आणि बोनस वगळून, महागाई भत्ता धरून. तीसनं भागायचा त्यात कुठं पत्ताच नव्हता. 22,500 भागिले 25 म्हणजे दिवसाला 900. आठ दिवसांचे 7,200. आम्ही देत होतो 4,160. एका रजेत एका माणसाचे 3,040 रुपये!

मला खरा धक्का बसला तो त्यानंतर. अण्णा दरवर्षी एप्रिलमध्येच का रजा घेतात, हे तेव्हा लक्षात आलं. मार्च एंडिंगला ऑर्डरचा मारा असतो, नग भरपूर निघतात. जोतिबाची श्रद्धा खरी, पण हिशोबही पक्का. मंदीच्या महिन्यानंतर रजा घेतली तर सरासरी पडते, हे नगावरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

मॅनेजरांकडे कागद घेऊन गेलो. ते म्हणाले, जास्तीचे नग म्हणजे एक प्रकारचा बोनसच. मी रेट कार्ड पुढं ठेवलं. पहिल्या नगाला जो दर, तोच शेवटच्या नगाला. मग तो बोनस कसा? ते गप्प राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णाला द्या, बाकीच्यांना कळू देऊ नका." जेवणाच्या सुट्टीत सगळ्या फेटलिंगला कळलेलं होतं.

दुपारी रांग पुन्हा लागली, पण आता प्रत्येकाच्या हातात काही ना काही लिहिलेलं होतं. एकाची रजा नऊ दिवसांची कापली होती, त्यात मधली साप्ताहिक सुट्टी धरलेली. ती धरायचीच नसते. पुढच्या वर्षी रजा मिळायला तेव्हा वर्षात 240 दिवस भरावे लागत. एका हेल्परची हजेरी 231 दिवस भरत होती, म्हणून त्याला पुढच्या वर्षी रजाच नाही, असं कुणी ठरवलं होतं. आदल्या वर्षीच्या कमाईची 12 दिवसांची रजा त्यानं घेतली होती. ते दिवस 240 च्या अटीत मोजले जात, म्हणजे झाले 243. फक्त नवी रजा मिळते ती 231 वरच. वीस दिवसांना एक, म्हणजे 11.55, आणि अर्ध्या दिवसाहून जास्त असल्यानं पुरे बारा. (21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता लागू झाली, 240 चे 180 झाले. वीसला एक तसंच राहिलं.) शिवाय चार दिवस किंवा जास्त रजा असेल तर पैसे जायच्या आधी द्यायचे, आमच्याकडे ते पगाराबरोबर सात तारखेला जात.

फरकाची रक्कम फेटलिंगच्या सगळ्यांना दिली गेली, जरा कुरकुरत. पुढच्या वर्षी मॅनेजरांनी नवी युक्ती काढली : एप्रिलच्या रजा मंजूर करायच्या नाहीत, पावसाळ्यात द्यायच्या. अण्णांनी पंधरा दिवस आधी अर्ज टाकला होता. नकार कळल्यावर ते खिडकीशी आले नि म्हणाले, "नकार लेखी द्या. अर्ज करूनबी नियमानं रजा दिली न्हाई, तर ती पुढच्या वर्षात जाती, रजा साठवायची तीस दिवसांची मर्यादा तिला न्हाई."

मॅनेजरांनी तासाभरात रजा मंजूर केली.