कोरी फाइल

सुनावणी अकराला होती. मी साडेदहालाच फाइल मागून घेतली. गणिताचे एक सर तासाला उशिरा येतात, वह्या तपासत नाहीत, अशी पालकांची तक्रार. शिक्षक संघटनेचा शाळेतला प्रतिनिधी मी, म्हणजे त्यांची बाजू मांडणं माझ्याकडे.

फाइलमध्ये सलग तीन वर्षांच्या गोपनीय अहवालांवर एकच शेरा: 'काम समाधानकारक'. ज्ञापन नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, वर्गनिरीक्षणाची नोंद नाही. आत जाऊन मी तेवढंच दाखवलं. पंधरा मिनिटांत विषय संपला.

सगळे उठल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी सातवीतल्या एका मुलीची वही माझ्यापुढे सरकवली. ६१२ भागिले ६, उत्तर १२. मधलं शून्य गळालेलं, शेजारी लाल पेनाची बरोबरची खूण. खाली ८२४ भागिले ८, उत्तर १३. पुन्हा बरोबर! म्हणजे तक्रारही चुकीचीच होती. वह्या तपासल्या होत्या, फक्त बघितल्या नव्हत्या.

"बाई, हे आधी लेखी का नाही दिलंत?"

"दिलं असतं तर तुम्हीच निवेदन घेऊन आला असतात, सर."

खोटं नव्हतं. एका शेऱ्यावरून आम्ही पूर्वी तीन बैठका लढवल्या होत्या. पण याच संघटनेने भांडून ५८ मुलांच्या वर्गाच्या दोन तुकड्याही करून घेतल्या होत्या. त्यानंतर कुठे मला एकेका मुलाशेजारी बसून त्याची वही बघता यायला लागली.

व्हरांड्यात सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०११ मध्ये कायदाच केला. संघटनेने बोलायचं ते फक्त मूळ पगारावर. तसंच हवं." मी फिनलंड काढलं: तिथे जवळपास सगळेच शिक्षक संघटनेत आहेत, म्हणून शाळा काही बुडाल्या नाहीत. वादात तोंड बंद करायला बरं उत्तर. काखेत मात्र ती वही होती.

शिक्षक खोलीत ती सरांपुढे उघडून ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे सुनावणीत आलं होतं?"

"नाही."

"मग ठीक आहे."

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला: वर्गनिरीक्षणाच्या लेखी नोंदींना संघटनेने आडकाठी करू नये. तीस जणांत हात वर आले चार, माझा धरून.