कोकमाचा लाल

भर दुपारी कोकम सरबताचा पेला समोर आला की तहान क्षणभर थांबते आणि डोळे आधी पितात. रातांब्याच्या सालीतला हा लाल म्हणजे अँथोसायनिन हे रंगद्रव्य. आमसुलाचं अँटिऑक्सिडंट म्हणून जे कौतुक चालतं, त्यात याचा वाटा मोठा. पण ते कौतुक मोजायला बसावं, तर हाच लाल आडवा येतो.

मोजतात डीपीपीएच नावाच्या जांभळ्या भुकटीने. ४ मिलिग्रॅम भुकटी १०० मिलि मिथेनॉलात विरघळवायची. या द्रावणाचे ३ मिलि, सालीच्या अर्काचा १ मिलि, आणि ३० मिनिटं अंधार. नळीला फॉइल गुंडाळलं तरी भागतं. अर्क आपला हायड्रोजन देत जातो आणि जांभळा उतरत उतरत पिवळ्यावर येतो. मग ५१७ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला गेला, त्याचं यंत्रावर वाचन. जांभळं जितकं जास्त उरलं, तितका अर्क लेचापेचा.

कोकमाचा लालही नेमका ५१७च्याच आसपास प्रकाश शोषतो. यंत्राला जांभळं काय नि लाल काय! ते लालालाही उरलेलं जांभळं समजतं आणि कोकमाचे गुण कापतं. साल जितकी लालबुंद, तितकी शिक्षा जास्त. उतारा सोपा आहे: तेवढाच अर्क, डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल, अशी एक जादा नळी लावायची आणि तिचं वाचन वजा करायचं. कंटाळ्यापोटी वगळली जाते ती हीच नळी.

दुसरी खोट मिठाची. बाजारचं आमसूल खारवलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवलेलं असतं. तराजूवरच्या १ ग्रॅममध्ये साल किती आणि मीठ किती? आकडा आपसूक घसरतो. त्यापेक्षा बिनमिठाची, सावलीत वाळवलेली साल घ्यावी. अर्क आटवताना ४० अंशांच्या वर जाऊ नये. तापला की लाल तपकिरी पडतो. शिळ्या सरबतात दिसतो ना, तसा.

सालीत गार्सिनॉल हे दुसरं अँटिऑक्सिडंटही असतं, पिवळं आणि पाण्याशी फटकून वागणारं. मिथेनॉलात छान उतरतं, सरबतात जेमतेम. म्हणजे छापून येतो तो आकडा मिथेनॉलाचा, आणि आपला पेला पाण्याचा.

सोलकढीचं तर विचारूच नका. नारळाच्या दुधाचा गढूळपणा यंत्राला चालत नाही. गाळा, पुन्हा गाळा, धूसरपणा जात नाही. तेव्हा ती मुकाट्याने वाटीत ओतावी आणि भाताला हाक मारावी.