आमची वाटचाल : पेन्सिलीने लिहिलेला नंबर

२०१२ साली चिपळूणच्या बाजारात लॅब उघडली तेव्हा रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब गावात होत्याच. त्यात आणखी एक भर घालायची नव्हती. मी मुंबईत नऊ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेबलावर काम केलेला टेक्निशियन. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा बाटलीतून आला की त्याची स्लाइड होऊन मायक्रोस्कोपखाली जाईपर्यंतचं सगळं काम माझं. बायको तोंडाच्या आजारांची पॅथॉलॉजिस्ट. तोंड-जबड्याचे रिपोर्ट ती देते. बाकीच्या अवयवांसाठी रत्नागिरीहून डॉक्टर येतात. त्याआधी इथले तुकडे मुंबईला नाहीतर कोल्हापूरला जायचे आणि गाठ साधी की कॅन्सरची, हे कळेपर्यंत घरातल्यांना आठ-दहा दिवस अन्न गोड लागत नसे.

पहिल्या वर्षी आमचा जास्त वेळ मशिनपेक्षा बाटल्यांमागे गेला. एका दवाखान्यातून तुकडा सलाइनमध्ये आला, तोही मे महिन्यात, एसटीच्या पार्सलने, दुसऱ्या दिवशी. उघडला तर वासच सांगत होता की यातून आता काही कळणार नाही. दुसरा आला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत. आत घालताना मऊ होता म्हणून गेला, तुकडा कुजू न देणाऱ्या फॉर्मलिनमध्ये कडक झाल्यावर अरुंद तोंडातून बाहेर येईना, शेवटी बाटली फोडली. मग आम्हीच रुंद तोंडाच्या बाटल्यांत दहा टक्के बफर्ड फॉर्मलिन भरून दापोली, खेड, गुहागर, देवरूखपर्यंत फुकट पोचवायला लागलो. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मलिन हवं, हे लेबलवरच छापलं. काढलेलं काहीही टाकू नका, हेही छापलं. खड्यांसाठी काढलेलं पित्ताशय, अपेंडिक्स, दाढेच्या मुळाशी आलेली पिशवी, सगळं पाठवा. पित्ताशयात कधीकधी कोणाच्या ध्यानीमनी नसलेला कॅन्सर निघतो, आणि तो अनेकदा फक्त स्लाइडवरच दिसतो.

आमची एक चूक मला अजून टोचते. एका बाईंच्या जिभेचा तुकडा होता आणि रिपोर्टची घाई होती. फॉर्मलिनमध्ये पुरता मुरण्याआधीच मी तो प्रोसेसिंगला लावला. काप नीट आले नाहीत, पेशी ओळखू येईनात आणि त्या बाईंच्या जिभेचा तुकडा पुन्हा काढावा लागला. मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली. तेव्हापासून घाई कोणाचीही असो, फॉर्मलिनचे तास आम्ही कापत नाही.

फॉर्मलिननंतर चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून तुकड्यातलं पाणी काढायचं, झायलीन या द्रावकाने अल्कोहोल काढायचं आणि त्या जागी वितळलेलं मेण भरायचं. कोकणातला पाऊस नेमका इथे आडवा येतो. शुद्ध अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये झाकण जरा सैल राहिलं तरी त्याचा कस जातो, तुकड्यात पाणी राहतं आणि मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, काप फाटतात. यावर जुना उपाय आहे मोरचुदाचा. पोफळीवर फवारायला चुन्यात कालवतात तोच मोरचूद तापवला की पांढरा पडतो. अल्कोहोलमध्ये टाकून तो पुन्हा निळा झाला, तर समजायचं पाणी शिरलंय. पावसाळ्यात आमच्याकडे ही तपासणी रोज होते.

मेणाचा ब्लॉक बर्फावर गार करून चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, म्हणजे केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा हिस्सा. कापांची पट्टी कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप सुटतात, मग स्लाइडवर उचलायची. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं जांभळट निळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. हजारो स्लाइड केल्या, तरी रंग उठतो तेव्हा मी अजून थांबून बघतो.

जबड्याच्या बाबतीत तर एक्स-रे अनेकदा एवढंच सांगतो की हाडात काळी पोकळी आहे. ती किडक्या दाताच्या मुळाची साधी सिस्ट, म्हणजे पिशवी, असते, न उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची असते, नाहीतर अमेलोब्लास्टोमासारखी हाड पोखरणारी गाठ असते. केराटोसिस्ट नावाची पिशवी असेल तर स्लाइडवर सहा-आठ पेशींचं एकसारखं अस्तर आणि तळाशी कुंपणासारखी उभी रांग दिसते. ती पुन्हापुन्हा उद्भवते, म्हणून अशा पेशंटला वर्षानुवर्षं बोलवावं लागतं.

सुपारीबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण गुहागरात आमचंही पोफळीचं आगर आहे. बावीस वर्षांचा एक मुलगा आला होता, तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती. भाकरी चुरून खायचा. त्याच्या गालाच्या स्लाइडवर वरचा थर पातळ पडलेला, खाली जिथे सैल ऊती हवी तिथे कोलॅजनचे गुलाबी चिवट तंतू घट्ट बसलेले, रक्तवाहिन्या चिमटलेल्या. सबम्यूकस फायब्रोसिस, सुपारीने तोंड आतून आखडत जाण्याचा आजार. बायको अशा वेळी खूप वेळ वरचा थरच बघत राहते, पेशी आपली शिस्त सोडू लागल्यात का, केंद्रकं मोठी, गडद होतायत का, कारण पुढचा कॅन्सर तिथून सुरू होतो. तंबाखू नसतानाही सुपारी कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच नोंदवलं. माझ्या वडिलांनी तो मुलगा पाहिला आणि घरातली सुपारीची चंची बंद केली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी लॅबमध्ये माळ्यापर्यंत चढलं. मायक्रोस्कोप, मायक्रोटोम, नऊ वर्षांची रजिस्टरं, सगळं चिखलात गेलं. पण मेणात मुरलेल्या तुकड्यात पाणी शिरत नाही. आणि ब्लॉक ज्या जाळीदार प्लास्टिकच्या डबीवर असतो त्या कॅसेटवरचे नंबर आम्ही पेन्सिलीने लिहितो, कारण पेनची शाई झायलीन-अल्कोहोलमध्ये धुऊन निघते. माझी मुलं, शेजारचे दोन वैद्य, मच्छीबाजारातल्या मावशी असे आम्ही पंधरा दिवस नळाखाली ब्लॉक धुऊन नंबरवार लावत होतो. यादी आम्ही दवाखान्यांकडच्या जुन्या रिपोर्टांवरून पुन्हा जुळवली.

त्या डिसेंबरात खेडचा एक मुलगा आला. त्याच्या आईचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन २०१९ मध्ये झालं होतं. आता आजार उलटला होता आणि गाठ संप्रेरकांवर वाढणारी आहे का हे तपासायला मुंबईच्या डॉक्टरांनी मूळ ब्लॉक मागितला होता. दारातच म्हणाला, "काका, पुरात गेलं असेल ना सगळं?"

मी त्याला बसवलं. कॅसेटच्या जाळीत गाळ अडकला होता. कण पात्याखाली आला असता तर काप चिरला असता, म्हणून आधी कुंचल्याने तो झाडला. ब्लॉक बर्फावर ठेवला. दोन काप वाया गेले. तिसरा अख्खा पाण्यावर तरंगला.