ज्याचं पाणी, त्याची ब्युरेट

मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक आहे. काचसामान द्यायचं, मोजून परत घ्यायचं, द्रावणं तयार ठेवायची. त्यामुळे चौघांच्या गटात ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंब थेंब मोजून सोडायची काचेची नळी, कोणाच्या हातात असते आणि बेसिनपाशी कोण उभं असतं, हे मला रोज दिसतं.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या एका गटात बेसिनपाशी कायम एकच मुलगी असायची. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरून यायची, आसनगावहून लोकलने. वर्गात तोंड उघडायची नाही. माझ्याशी बोलायची, तेही "ताई, पिपेट मोकळी आहे का?" एवढंच. तिला कोणी त्रास देत नव्हतं. गटातला एक मुलगा चटपटीत, इंग्रजी फाडफाड; प्रयोग तो करायचा. बाकीचे दोघं रीडिंग लिहायचे, आणि धुणं आपसूक हिच्याकडे आलं होतं. जर्नलमध्ये चौघांची रीडिंगं सारखीच, त्यामुळे कागदोपत्री सगळं ठीक.

मग पाण्याच्या कठीणपणाचं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आहे ते मोजायचं, प्रॅक्टिकल आलं. मॅडमनी प्रत्येकाला घरचं पाणी आणायला सांगितलं आणि सुरुवातीलाच बजावलं, "ज्याचं पाणी, त्याच्याच हातात ब्युरेट."

मुंबईच्या नळाचं पाणी तलावांचं, मऊ. पन्नास मिली नमुन्याला दोन-अडीच मिली ईडीटीए, म्हणजे हे धातू धरून ठेवणारं द्रावण, पडलं की फ्लास्कमधलं लाल द्रावण निळं होत होतं. सगळे पटापट मोकळे झाले. हिचा फ्लास्क मात्र लालच. पाच मिली, दहा मिली, तरी लाल. तो मुलगा म्हणाला, "अगं, बफर विसरलीस," म्हणजे पीएच कायम राखणारं द्रावण. ती मान वर न करता म्हणाली, "घातलंय. आमचं पाणीच तसं आहे." आणि थेंब थेंब सोडत राहिली. शेवटाजवळ ही अभिक्रिया सावकाश होते, घाई केली की हमखास पुढे जातं. हिचा हात जराही हलला नाही. तीनदा केलं: 23.2 मिली, मग 23.1, पुन्हा 23.1.

मॅडमनी कठीणपणाचा आकडा फळ्यावर मांडला, लिटरला सुमारे 460 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ची मर्यादा आहे. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. "हे पाणी कुठलं?" मॅडमनी विचारलं.

"बोअरचं. यात डाळ शिजत नाही मॅडम, साबणाला फेस येत नाही. म्हणून आई डाळीसाठी लांबच्या विहिरीचं पाणी आणते."

मग ती बोलतच राहिली, मराठीत. भातसा धरण आमच्याच तालुक्यात, तानसाही तिथेच, तिथलं पाणी मुंबईला येतं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. वर्ग तिच्या टेबलाभोवती जमला होता. पीएच 10 च का ठेवायचा, हेही तिनेच सांगितलं: कमी असेल तर ईडीटीए धातूला घट्ट धरत नाही, फार वाढला तर मॅग्नेशियम साक्याच्या रूपात खाली बसतं. हे सगळं तिला आधीपासून येत होतं. विचारलं कोणी नव्हतं.

प्रवेश मिळणं आणि जागा मिळणं यांत फार अंतर आहे, असं मला मनापासून वाटतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना बाई म्हणून आधी नकार मिळाला होता; 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला, पण हट्ट धरून बसल्यावर, आणि तोही आधी वर्षभर अजमावून बघण्याच्या अटीवर. पुढे त्यांनी आपल्या मुंबईतच विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं. आज अशी अट कोणी घालत नाही, पण बेसिनपाशी उभं राहणारं माणूस ठरून जातं, आणि ते बदलायला विभागानेच पुढे व्हावं लागतं.

मॅडम पुढे झाल्या. विभागाच्या बैठकीत त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. गटातली कामं दर आठवड्याला फिरती ठेवायची आणि तोंडी परीक्षेत उत्तर मराठीत किंवा हिंदीत दिलं तरी पूर्ण गुण द्यायचे. दर्जा घसरेल, असं एक-दोघांचं म्हणणं पडलं. मॅडमनी तिची तीन रीडिंगं समोर ठेवली. फिरत्या कामांचं वेळापत्रक आता माझ्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं आहे. त्यावर खाडाखोड चालत नाही, हे मी बघते.

पहिल्या आठवड्यात धुण्याची पाळी त्या चटपटीत मुलाची आली. त्याने ब्युरेट पाण्याने धुतली आणि तशीच भरायला घेतली. तिने त्याला थांबवलं, ईडीटीएने आधी आतून खळबळून घ्यायला लावलं आणि का ते समजावलं: आत उरलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं. त्याने ते जर्नलमध्ये लिहून घेतलं.