शिरोरेखा आधी: शाळेच्या कपड्यांवरच्या नावांची आत्तापर्यंतची प्रगती

मंडळी, मेमध्ये ठरवलं होतं की या वर्षी शाळेच्या कपड्यांवर स्टिकर नाही, इस्त्रीचं लेबल नाही, सगळी नावं कापडी फितीवर दोऱ्याने, हाताने भरायची आणि ती फीत कपड्याला शिवायची. आज जुलैचा दुसरा आठवडा चालू आहे आणि ४१ पैकी २९ वस्तू झाल्यात. लेकीच्या २३ आणि भाच्याच्या १८. लेक दुसरीत, भाचा यंदा पहिलीत, बहीण आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरमध्येच दोन बिल्डिंग सोडून राहते, दोघं एकाच मराठी शाळेत, त्यामुळे नावं देवनागरीतच हवी होती. पहिलीतल्या पोराला स्वतःचं नाव स्वतःला वाचता आलं पाहिजे, नाहीतर त्या फितीचा त्याला उपयोग काय.

हे सगळं सुरू कशामुळे झालं तर मागच्या पावसाळ्यात लेकीचा रेनकोट गेला, दोन वॉटर बॅग गेल्या आणि पीटीचा टीशर्ट गेला. चोरीला नाही हो, बदलले. वर्गाबाहेर खुंट्यांवर एकाच निळ्या रंगाचे दहा-पंधरा रेनकोट लटकलेले, शाळा सुटली की बाहेर पाऊस, सगळ्यांची घाई, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. तेव्हा मी ऑनलाइन मागवलेली इस्त्रीने चिकटणारी लेबलं लावली होती, महिन्याभरात कडा सुटल्या आणि शर्टावर गोंदाचा चिकट चौकोन राहिला. कारण नंतर कळलं. शर्ट टेरिकॉटचा, आतल्या पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात दोन ठिपके, म्हणजे जास्तीत जास्त १५० डिग्री, आणि लेबलच्या पाकिटावर तीन ठिपक्यांची इस्त्री सांगितलेली, म्हणजे २००. मी शर्ट जळू नये म्हणून कमी तापवली, गोंद पूर्ण वितळलाच नाही, मग तो धरणार कसा. सुती कपड्यावर तीच लेबलं बरी टिकतात, पण आपल्याकडे युनिफॉर्म सुती असतो कुठे.

मे महिना, खरेदी. शनिवारी जांभळी नाक्याला गेलो, अर्धा इंची पांढरी कॉटन टेप दहा मीटर घेतली, नऊ नंबरच्या सुया घेतल्या, आणि घाईत एका दुकानातून सुट्टा लाल दोरा घेतला, ना कागद ना नंबर. इथे चूक झाली. पहिल्या तीन फिती त्या लाल दोऱ्याने भरल्या, शर्टाला लावल्या, आणि पहिल्याच धुण्यात नावाभोवती गुलाबी ढग. पांढरा शर्ट, कोरा करकरीत, शाळा सुरू व्हायला दहा दिवस. आई म्हणाली वाळवू नकोस, वाळला की रंग बसला, तसाच ओला गार पाण्यात घाल आणि पाणी बदलत राहा. रात्रीत पाच वेळा पाणी बदललं तेव्हा बराचसा गेला, तरी एका शर्टाच्या शिवणीत अजून छटा आहे.

तेव्हापासून नियम, कुठलाही दोरा आधी तपासायचा. वीतभर दोरा ओला करायचा, पांढऱ्या रुमालाच्या घडीत ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरायची. रुमालाला रेघ उमटली तर तो दोरा बाद. अँकर कंपनीचा लाल भरतकामाचा दोरा या परीक्षेत तिन्ही वेळा पास झाला म्हणून आता तोच. त्याची लडी ८ मीटरची आणि ६ पदरी, आणि मी एकपदरी भरतो, म्हणजे एका लडीतून ४८ मीटर दोरा निघतो. एका नावाला साधारण मीटरभर लागतो. दोन पोरांचा अख्खा युनिफॉर्म एका लडीत होतो आणि वर उरतो.

लालच का, असं बहिणीने विचारलं. जुन्या काळी युरोपात घरातल्या चादरी, टॉवेल, कपड्यांवर आद्याक्षरं लाल दोऱ्याने भरायचे, कारण मंजिष्ठेच्या जातीतल्या रोपाच्या मुळापासून केलेला तो लाल रंग, टर्की रेड म्हणायचे त्याला, कपडे उकळले तरी जायचा नाही. मुलींना मुळाक्षरं भरायला शिकवायचे ती कापडंही बऱ्याच अंशी याच कामासाठी, पुढे घरच्या कपड्यांवर खुणा घालता याव्यात म्हणून. नंतर विणलेल्या फिती आल्या. इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला कॅश नावाच्या दोन भावांचा १८४६ पासूनचा रेशमी फितींचा कारखाना होता, १८६० मध्ये फ्रान्सशी व्यापाराचा करार झाला, तिकडच्या फिती इकडे यायला लागल्या आणि त्या गावातला फितींचा धंदाच बसला, मग यांनी त्याच जकार्ड मागावर, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावर, पुढे नावं विणायला घेतली. शाळकरी मुलांच्या कपड्यांना त्या फिती लावायची तिकडे पद्धतच पडली. त्यात नाव कापडावर चिकटवलेलं नसतं, वीणच नाव असते, म्हणून ते ना निघतं ना फिसकटतं. मला हाताने तेच साधायचंय, अक्षर फितीचा भाग झालं पाहिजे.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर बिब्बा! आईचं माहेर वाईकडचं, ती सांगते की तिच्या लहानपणी गावातला परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करायचा. बिब्ब्याचा काळा रस आणि चुना, एकदा लागला की कापड फाटेपर्यंत खूण जात नाही. इंग्रजीत बिब्ब्याला मार्किंग नट म्हणतात ते यामुळेच. कोणी करून बघू नका मात्र, तो रस अंगाला लागला की फोड येतात, पोरांच्या कपड्यांजवळ तर नकोच. आपण डिंकाच्या लाडवात गोडंबी घालतो ती त्याच बिब्ब्याच्या आतली, हे मला इतक्या वर्षांनी आत्ता आईकडून कळलं.

जून पहिला आठवडा. आता मुख्य काम, अक्षर.

फीत आधी गरम पाण्यात भिजवून वाळवून घ्या. माझी मीटरभर फीत वाळल्यावर ९५ सेंटीमीटर भरली. न भिजवता भरली आणि लावली तर पहिल्या धुण्यात आकसते आणि नावाला चुण्या पडतात. एवढी अरुंद फीत भरतकामाच्या रिंगमध्ये बसत नाही, म्हणून जुन्या साडीच्या तुकड्यावर फीत कच्च्या टाक्यांनी दोन्ही कडांना टाचायची, तुकडा रिंगमध्ये ताणायचा आणि फितीच्या मागचं कापड कात्रीने खिडकीसारखं कापून टाकायचं. मग सुई फक्त फितीतून जाते आणि फीत ढोलासारखी ताठ राहते.

अर्धा इंच म्हणजे १२ मिलीमीटर धरा, वरखाली कडेला दोन-दोन सोडले की उरतात ८. त्यातले ४ अक्षराला, २ वरच्या मात्रेला, २ खालच्या उकाराला. रोमन लिपीत ही अडचण नाही, आपल्याला वरचा आणि खालचा मजला दोन्ही सांभाळावे लागतात. सुरुवातीला मी कागदावर लिहितो तसंच केलं, आधी अक्षरं आणि शेवटी शिरोरेखा. अक्षरांची डोकी एका ओळीत येईनात. कागदावर रेघ मारली की चूक झाकली जाते, कापडावर एक काना अर्धा मिलीमीटर वर गेला की रेघेच्या डोक्यावर शिंग दिसतं. शिवाय शिरोरेखा मी एकच लांब टाका घालून मारत होतो, तो टाका धुताना बटणात अडकून ओढला गेला आणि अख्खं नाव गोळा झालं.

चौथ्या फितीला उलटं केलं. आधी शिरोरेखा. दोन पदरी दोरा फितीवर आडवा ताणून ठेवायचा आणि एकपदरी दोऱ्याने दर दोन मिलीमीटरवर त्याच्यावरून बारीकसा उभा टाका घेऊन तो जागेवर दाबत जायचा, काउचिंग म्हणतात ते. मग त्या रेघेला खालून अक्षरं लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालतो तशी. प्रत्येक काना सुरू होताना सुई रेघेच्या बरोबर खालून वर काढायची, म्हणजे फट राहत नाही. अक्षराला उलटा टाका, म्हणजे दर वेळी सुई मागच्या टाक्याच्या टोकाशी परत नेऊन घ्यायचा तो, सरळ भागात दीड मिलीमीटर, वळणावर एक. लेकीच्या नावात ज्ञ आहे, त्याने मला आठवडाभर झुंजवलं, शेवटी त्याची गाठ आणि डावीकडचा वळसा असे दोन तुकडे करून भरला आणि मधलं अंतर एका टाक्याएवढं मोकळं सोडलं तेव्हा कुठे तो ज्ञ वाचता यायला लागला. जागा कमी असली की सगळं भरून टाकायचा मोह होतो, पण अक्षर वाचलं जातं ते आतल्या पांढऱ्यामुळे.

निशाण करायला निळं, पाण्याने जाणारं पेन वापरतोय. भरून झालं की आधी गार पाण्यात बुडवा, निळं पूर्ण जाऊ द्या, मगच इस्त्री. उलटं केलंत तर डाग पक्का बसतो.

पहिल्या फितीला दीड तास लागला होता, आता एक नाव ३५ मिनिटांत होतं. रबाळ्याला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धं नाव होतं. आता शेजारच्या टेबलावरचे दोघं आपापल्या पोरांचे रुमाल घेऊन बसतात माझ्याबरोबर, त्यांना मी अजून धावदोराच शिकवतोय.

शाळा सुरू झाल्यावर. पहिल्या शनिवारी लेक घरी येऊन म्हणाली, बाबा, मानेला टोचतंय. बघितलं तर मानेच्या मागे कातडी लाल. दोन कारणं होती, एक तर मी मागच्या बाजूला गाठी मारल्या होत्या, आणि फीत दुहेरी दुमडून कॉलरखाली लावली होती, ती या पावसात पंख्याखाली वाळवूनही आतून दमटच राहायची. शर्ट वाळला असं वाटतं आणि तेवढी दुहेरी फीत ओली. रविवारी बसून सगळ्या उसवल्या. आता गाठ मारायचीच नाही, दोऱ्याची दोन्ही टोकं मागच्या टाक्यांखालून ओवून न्यायची. फीत एकेरी, फक्त टोकं अर्धा-अर्धा सेंटीमीटर आत, आणि जागा कॉलर नाही तर आतल्या बाजूला कमरेजवळची शिवण. स्कर्ट आणि पँटला नेफ्याच्या आत. लेकीला दोन दिवसांनी विचारलं टोचतंय का, तर म्हणाली काय? एवढं पुरे होतं मला.

अजून एक, नाव आतच ठेवा. बाहेर छातीवर किंवा दप्तरावर मोठ्या अक्षरात नाव असलं की रस्त्यावरचं कोणीही पोराला नावाने हाक मारू शकतं, आणि नावाने हाक मारणारा माणूस पोरांना ओळखीचाच वाटतो. बाईंना आणि पोराला सापडलं की झालं.

शिवताना आईचं एक ऐकलं. फीत कपड्याला लावायचा दोरा कपड्याच्या रंगाचा घेत होतो, ती म्हणाली नको, वेगळ्या रंगाचा घे, उद्या हा शर्ट धाकट्या कुणाला जाईल तेव्हा उसवताना टाका दिसला पाहिजे, नाहीतर कात्री कापडात जाते. आमच्याकडे युनिफॉर्म तीन घरं फिरतो, त्यामुळे अगदी खरं आहे. फितीला पिवळा दोरा आणि हातशिलाईच, मशीनची टीप उसवायला जास्त त्रास. पीटीचा टीशर्ट होजियरीचा, ताणला जातो, त्याला चारही बाजूंनी शिवू नका, फितीचा टाका तुटतो किंवा कापडाला भोक पडतं. फीत दुमडून छोटा लूप करा आणि तेवढी वरची कड शिवणीत अडकवा.

मोज्यांना फीत नाही. वरच्या रबराजवळ आतून लेकीला लाल आणि भाच्याला हिरवा, असे तीन-तीन उलटे टाके, सैल घातलेले, म्हणजे रबर ताणलं तरी तुटत नाहीत. बुटाला जिभेच्या आत मार्करने नाव. डबा आणि पाण्याची स्टीलची बाटली भांड्यांच्या दुकानात नेऊन मशीनने नाव घालून आणली, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं, पाच मिनिटांचं काम आणि जन्मभर टिकतं. त्या दुकानातल्या काकांचा ज्ञ माझ्यापेक्षा सुंदर आला. त्यांनी पण आधी शिरोरेखा ओढली, मी मुद्दाम बघत होतो.

रेनकोट शेवटी ठेवला होता कारण त्याला सुई लावली की प्रत्येक भोकातून पाणी. शेवटी कोटाला हातच लावला नाही, मानेजवळ अडकवायचा जो कापडी लूप असतो त्याच्याभोवती फीत गुंडाळून फितीची दोन टोकं एकमेकांना शिवून टाकली. खुंटीवर लटकला की नाव बरोबर समोर. परवा लेक आली ती स्वतःचाच रेनकोट घालून, आणि सांगत होती की वर्गातल्या एका मुलीने तिचा काढला होता पण फीत वाचून परत लावला.

उरल्यात बारा. भाच्याच्या सात आहेत आणि त्या अडकल्यात त्याच्या नावातल्या र्व मुळे. रफार शिरोरेखेच्या वर येतो, तिथे दोनच मिलीमीटर आहेत, त्यात कोयरीसारखं वळण उलट्या टाक्याने येतच नाही, त्रिकोण होतो. तीनदा उसवलं. काल रात्री साखळी टाक्याची एकच कडी घालून तिला बाजूला ओढून बघितलं, जरा बरं दिसतंय पण लांबून अनुस्वार वाटतो. तुमच्यापैकी कुणी एवढ्या लहान जागेत रफार भरला असेल तर कुठला टाका घेतलात ते सांगा, फीत रिंगमध्ये तशीच ताणून ठेवली आहे.