तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगी अंगणवाडीत का?

लग्नात, हळदीकुंकवात, परवा तर महाद्वार रोडवर दोन्ही हातांत पिशव्या असतानाही तोच प्रश्न: "एवढी शिकलेली तू, आणि पोरगी अंगणवाडीत? परवडत नाही होय?"

नाही परवडत. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी अकाउंट्स बघते. प्लेग्रुप आणि दिवसभराचं पाळणाघर यांची फी भरली की माझ्या पगारातलं पेट्रोलपुरतं उरायचं. तरी पैशासाठी काढलं नाही तिला.

एकदा ऑफिसची लाईट गेली म्हणून चारलाच पाळणाघरात पोचले. हॉलमध्ये टीव्ही चालू, पोरं सतरंजीवर. माझी एकटी दाराजवळ. पाठीवर बॅग, पायात बूट, डावा उजव्यात. तिथल्या मावशी म्हणाल्या, "जेवल्यापास्नं अशीच बसलीया बगा. बॅग काढू म्हटलं की रडतीया." घरी फ्रॉक काढला तर खांद्यावर पट्ट्यांचे वळ. मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. मावशी एकट्या, पोरं डझनभर, त्यातलं एक कडेवर. भांडू कुणाशी? फीच्या कागदावर 'ॲक्टिव्हिटी' छापलेलं होतं, त्यावर रात्रभर चिडले, एवढंच.

अंगणवाडी म्हणजे खिचडी खायची जागा, असं लग्नाआधी मीच म्हणायचे. आणि खोली अंधारीच आहे, ते काही मी नाकारत नाही. पण ताई पोरीला नावानं हाक मारतात, दर महिन्याला वजन करतात, चिंचोके आणि वाल वेगळे करायला बसवतात. एखादा वाल नाकात जातो, तो काढतातही त्याच. वर मोबाईलवर माहिती भरायची, आणि हातात पगार नाही, मानधन.

मग झालं की सगळं छान? कुठलं! अंगणवाडी सुटते दुपारी, मी सुटते सहाला. मधले तास सासूबाईंच्या गुडघ्यांवर. आमच्या फौंड्रीला सुट्टी सोमवारची, म्हणून रविवार नवऱ्याकडे, आणि त्याला बाहेरगावचं काम निघालं की आमचं भांडण. पन्नास माणसं कामाला असली की पाळणाघराची सोय द्यायची, असा कायदा २०१७ पासून आहे. आमच्या पटावर पन्नास कधी भरतच नाहीत.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे कोल्हापुरात कुणीही सांगेल. पण शिक्षणाचा हक्क आजही सहाव्या वर्षापासून. त्याआधीची वर्षं ज्याची त्यानं निस्तरायची, आणि घरात 'ज्याची त्यानं' म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीत आहे. नवऱ्याला हा प्रश्न अजून एकदाही कुणी विचारलेला नाही.

जूनमध्ये ज्युनियर केजीचं निघेल. सासूबाई इंग्लिश मिडियम म्हणतात, मी कधी हो म्हणते, कधी नाही. तुमच्या ओळखीत सहापर्यंत, आणि रविवारीही, उघडं असलेलं एखादं ठिकाण असेल तर जरूर सांगा. फी आधी विचारून ठेवा.